हुंकार

नमस्कार मंडळी. इथल्या, परदेशातल्या आपल्या मंडळाच्या अध्यक्षांनी विषय दिला 'मराठी शाळेत पॉडकास्ट' आणि वेळ दिली दहा मिनिटं. भाषण तयार होतं. गेल्या रविवारी लेकीनं ते मोडलं.

सांगलीला आजीशी बोलून तिनं फोन ठेवला आणि विचारलं, "बाबा, आजी मध्येमध्ये गप्प का बसते? तिचं नेट खराब आहे का?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

झालंय असं, की आई मला फोनवर गोष्टी रेकॉर्ड करून पाठवते, आणि त्यांचे भाग करून मी ते लेकीला ऐकायला देतो. फायदा झाला, खोटं कशाला बोलू. 'चहा'तला च आणि 'चाक'मधला च वेगळा, हे पुस्तकात कुठं दिसतं? लिहायला अक्षर एकच. कानाला मात्र लगेच कळतं. आणि आकडे! आपली मुलं एकोणतीसच्या पुढं इंग्रजीत पळतात. आईनं पुराची गोष्ट सांगितली: सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, २०१९ ला पाणी ५७ च्याही वर. तेव्हापासून आमच्या घरात चाळीस, पंचेचाळीस, सत्तावन्न हे तीन आकडे पक्के. बाकीच्या आकड्यांसाठी कृष्णेला पुन्हा पूर यावा असं मी म्हणणार नाही.

पण आईची गोष्ट असायची अकरा मिनिटांची. दर दोन वाक्यांनी ती थांबायची. मी इंजिनिअर माणूस. सॉफ्टवेअरला सांगितलं, शांतता गाळ. गोष्ट आली आठ मिनिटांवर, आणि मी खूश.

ती थांबायची हुंकारासाठी. आपण माजघरात अंथरुणावर पडून 'हं' म्हणायचो, आठवतं? 'हं' आला नाही तर "झोपलास व्हय रं?" पाचशे वेळा 'हं' म्हणून मोठा झालेला माणूस मी, आणि नेमकी तीच जागा कापली. सहा हजार किलोमीटरवर ती माउली नातीच्या हुंकाराला जागा सोडत होती, आणि मी ती तीन मिनिटं कचऱ्यात टाकत होतो. लेकीला आता गप्प झालेली आजी म्हणजे बिघाड वाटतो.

रेडिओही थांबत नव्हता, असं कुणी म्हणेल. खरंय. पण आकाशवाणीचं सांगली केंद्र लागलं की शेजारी आजोबा असायचे, बातम्यांना उत्तरं द्यायला.

पॉडकास्ट हा शब्द २००४ मधला, आयपॉडवरून पडलेला. आयपॉड २०२२ ला बंद झाला, नाव राहिलं. आपल्या मंडळाच्या पॉडकास्टचं उलटं आहे. नाव ठरवायला तीन बैठका, लोगोला चौथी, जिंगलमध्ये तुतारी की सनई यावर रुसवेफुगवे. भाग झाले दोन. दुसऱ्यात पहिल्याच्या खराब आवाजाबद्दल दिलगिरी. माइक सध्या माझ्याच कपाटात आहे, श्रीखंडाच्या डब्यांमागे, तेव्हा मीही त्यातलाच.

शाळेतल्या ताईंना एवढंच सांगतो. मुलांच्या कानात हेडफोन घालून त्यांना कोपऱ्यात बसवू नका. स्पीकरवर लावा. दोन-तीन मिनिटांनी थांबवा, "पुढं काय झालं असेल?" विचारा. चूक मराठीत उत्तर आलं तरी चालेल, लगेच शुद्धलेखन काढू नका. आणि महिन्यातून एकदा तरी रेकॉर्डिंग मुलांना करू द्या. प्रश्न त्यांचे, आजी ज्याची त्याची.

मी मूळ फायली शोधल्या. निम्म्या सापडल्या, निम्म्या मी जागा वाचवायला पुसल्या होत्या. परवा एक न कापलेली लावली. आई म्हणाली, "मग नदीचं पाणी दारात आलं..." आणि थांबली. लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी 'हं' म्हणालो. ती म्हणाली, "बाबा, पण तिला ऐकू जात नाही ना?"

मला उत्तर सुचलं नाही. जेवण तयार आहे असं मागून खुणावतायत, थांबतो.