कन्फर्मेशन नंबर आला, म्हणजे खोली आपली झाली का?

नमस्कार मंडळी. पंख्याचा आवाज येईल, चालवून घ्या. जळगावात पारा चव्वेचाळीसला टेकलाय आणि पंखा बंद करून व्हिडिओ काढायचा म्हणजे तुम्हाला माझी वितळलेली मूर्ती बघावी लागेल.

मागच्या दिवाळीनंतर गोव्याच्या खर्चाचा व्हिडिओ टाकला होता. त्यात मी एका वाक्यात बोलून गेलो की आम्ही टाइमशेअर क्लबच्या एका मेंबरच्या सुट्ट्या भाड्याने घेऊन राहिलो, हॉटेलच्या निम्म्या पैशात. झालं. विमान, टॅक्सी, मासे, सगळं राहिलं बाजूला. तेव्हापासून एकच प्रश्न. "भाऊ, त्या मेंबरचा नंबर द्या." देणार नाही. "भाऊ, फेसबुकवर एक जण देतोय, घेऊ का?" आणि धुळ्याहून एका भावाने थेट अहिराणीत विचारलंय, "भो, पैसा बुडनात ते कोन दी?" सगळ्या कमेंटमध्ये हाच खरा प्रश्न. आज त्याच्यासाठीच बसलोय.

टाइमशेअर काय असतं ते भराभर सांगतो, कारण निम्म्या लोकांना मॉलमध्ये कूपन भरून, कुकर मिळेल म्हणून, दोन तास प्रेझेंटेशन ऐकून कळलेलंच आहे. एकदा मोठी रक्कम भरायची, मग दरवर्षी ठरावीक रात्री किंवा ठरावीक पॉइंट मिळतात. आपल्याकडे क्लब महिंद्राची नेहमीची मेंबरशिप २५ वर्षांची, वर्षाला सात रात्री, आणि हंगामांना रंगांची नावं, गर्दीच्या हंगामापासून रिकाम्याकडे: पर्पल, रेड, व्हाइट, ब्लू. अमेरिकेत डिस्नेचा व्हेकेशन क्लब १९९१ पासून आहे, तिथे पॉइंट चालतात. गेलात किंवा नाही गेलात, वार्षिक फी भरावीच लागते. झाली बाराखडी.

आता मालक, म्हणजे हा मेंबरच, स्वतःची सुट्टी स्वस्तात का देतो, हे समजून घ्या. तो काही धर्मादाय करत नाही. पॉइंट म्हणजे आपली पिकलेली केळी. आज विकली नाही तर उद्या काळी पडणार. न वापरलेले दिवस पुढे ढकलता येतात, पण त्यालाही मुदत. डिस्नेमध्ये तर मेंबरच्या पॉइंट-वर्षाच्या (कॅलेंडरच्या नव्हे) पहिल्या आठ महिन्यांत पॉइंट पुढच्या वर्षात टाकले नाहीत तर ते त्याच वर्षात संपवावे लागतात. मग मालक म्हणतो, फी तर भरलीच आहे, निदान तेवढी तरी निघू दे. म्हणून स्वस्त मिळतं म्हणजे फसवणूकच, असं नाही. स्वस्ताईला खरं कारण असतं. गोची पुढे आहे.

ती गोची मी आज तीनदा सांगणार आहे. कंटाळा आला तर चहा ठेवून या, पण ऐका. बुकिंग खरं असणं आणि बुकिंग तुमचं असणं, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भुसावळचा माझा मित्र. रेल्वेत आहे, म्हणजे कागदाला पक्का माणूस. त्याने एका मेंबरकडून हिल स्टेशनच्या चार रात्री घेतल्या. मेंबर खरा. बुकिंग खरं. मित्राने रिसॉर्टला स्वतः फोन केला, नंबर सांगितला, तिकडून "हो सर, तुमच्या नावाने आहे" असं उत्तर आलं. मित्राने सगळे पैसे टाकले. महिनाभराने सहकुटुंब दारात उभा. रिसेप्शनवरची मुलगी म्हणते, "सर, हे तर नऊ दिवसांपूर्वी कॅन्सल झालंय." कोणी केलं? ज्याच्या खात्यात होतं त्याने. त्याला दुसरं कोणीतरी जास्त पैसे देणारं भेटलं असावं, असा आमचा अंदाज. तो शेवटपर्यंत म्हणत राहिला की सिस्टीमची चूक झाली. निम्मे पैसे चार महिन्यांनी आले, तेही दर आठवड्याला फोन केल्यावर. पोलिसांत गेला तर उत्तर मिळालं की हा तुमचा आपसातला व्यवहार आहे, दिवाणीत जा. त्या रकमेसाठी दिवाणीत कोण जाणार?

म्हणजे बघा, मित्राने पडताळणी केली होती. कमेंटमध्ये तुम्ही जे छातीठोकपणे लिहिता ना, "रिसॉर्टला फोन करा, विषय संपला", ते त्याने केलं होतं. विषय संपला नाही.

आता हेच दुसऱ्या बाजूने. आपल्याकडे शेत वाट्याने करतात. तुम्ही नांगरलं, पेरलं, पाणी भरलं. पण सातबारा कोणाच्या नावावर? मालकाच्या. तुमचं नाव तिथे कुठेच नाही. गावात चार माणसं आहेत, शब्द आहे, म्हणून ते चालतं. रिसॉर्टच्या बुकिंगवर तुमचं नाव असतं ते पाहुणा म्हणून. तारीख बदलणं, नाव बदलणं, रद्द करणं हे सगळं मेंबरच्या लॉगिनमधून. तुम्ही रिसॉर्टला फोन करून म्हणालात की माझ्या संमतीशिवाय रद्द करू नका, तर ते गोड बोलतील आणि म्हणतील, सर, आम्ही फक्त मेंबरचं ऐकतो. आणि त्यांचं बरोबरच आहे. करार त्यांचा मेंबरशी आहे, तुमच्याशी नाही.

तिसरं. माझा भाचा न्यू जर्सीत असतो. त्याला मुलांना घेऊन फ्लोरिडात डिस्ने वर्ल्डला जायचं होतं. तिथे लोक डिस्ने क्लबचे पॉइंट मालकाकडून भाड्याने घेतात, त्यात लपवाछपवी नाही. धंदा म्हणून करायला मात्र डिस्नेच्या कागदपत्रांत मनाई आहे. भाच्याने मला मोठ्या अभिमानाने दाखवलं की मालकाने दिलेला नंबर त्याने डिस्नेच्या ॲपमध्ये टाकला आणि बुकिंग त्याच्या नावासकट उघडलं. "मामा, हे बघ, आता तर पक्कं!" मी म्हटलं, बाळा, तुला ते दिसतंय एवढंच. किल्ली कोणाकडे आहे? बदल करायचा तर मालकालाच करावा लागणार, डिस्नेचे लोक तुझ्याशी बोलणारही नाहीत. त्याने तोंड वाकडं केलं. पण मालक चांगला निघाला, ट्रिप झाली, मामा शंकेखोर ठरला. ठीक आहे.

भाच्याचा आणखी एक राग होता, तो सांगतो, कारण तुम्हालाही येईल. "मालक म्हणतो पैसे परत मिळणार नाहीत. ही दादागिरी झाली!" दादागिरी नाही रे. डिस्नेमध्ये तारीख ३० दिवसांच्या आत आल्यावर बुकिंग रद्द केलं, तर ते पॉइंट मालकाला नीट परत मिळत नाहीत. वेगळ्या कप्प्यात जातात आणि फक्त पुढच्या ६० दिवसांतल्या बुकिंगसाठी चालतात. म्हणजे तुमच्या मुलाला ताप आला आणि तुम्ही आयत्या वेळी नाही म्हणालात, तर मालकाचे पॉइंट जवळजवळ मेलेच. तो पैसे कुठून परत करणार? ह्या व्यवहारात भीती दोन्हीकडे आहे, हे आपण विसरतो.

मागच्या व्हिडिओखाली नाशिकच्या एका मेंबरताईंनी लिहिलं होतं, त्यांची कमेंट मला आवडली. त्या म्हणतात, "तुम्ही लोक आम्हालाच चोर समजता. मी एका कुटुंबाला खोली दिली, त्यांनी टीव्हीचा काच फोडला आणि बिल माझ्या माथी आलं." ताई, मान्य. आणि त्या कमेंटखाली ज्याने "काच फोडली, काच स्त्रीलिंगी" असं लिहिलं, त्या सरांना माझा दंडवत. मुद्द्याचं कोणी बोलेना, व्याकरणाला हजर.

तर मग मी काय करतो? मी पैसे तोडून देतो. हीच माझी सगळी विद्या. (बोटं दाखवत) आधी एक छदामही नाही. मालकाने बुकिंग केलं, माझं नाव टाकलं, मी रिसॉर्टच्या अधिकृत वेबसाइटवरून नंबर काढून फोन केला, की निम्मे. आठवडाभर आधी मी पुन्हा फोन करतो. पुन्हा! भुसावळच्या मित्राचं घोडं इथेच अडलं, त्याने एकदाच केला होता. तेव्हा बुकिंग जागेवर असेल तर आणखी पाव. आणि उरलेले पाव, खोलीची किल्ली हातात पडली की तिथल्या तिथे, रिसेप्शनच्या सोफ्यावर बसून.

"मालक ऐकेल का?" काही ऐकत नाहीत. मग मी घेत नाही. जो म्हणतो, "साहेब, दोन तासांत पूर्ण टाका, दुसरी पार्टी तयार आहे," त्याला मी म्हणतो, दुसऱ्या पार्टीला माझ्या शुभेच्छा. तो मेंबर खरा असेलही. पण घाई लावणाऱ्याशी व्यवहार करू नये, हे आमच्या आजोबांनी गुरांच्या बाजारात शिकवलंय.

रावेर, सावदा, यावलकडची मंडळी हे लगेच ओळखतील. केळीत काय होतं? घड कापले, ट्रक भरला, ट्रक गेला, पैसे नंतर. व्यापारी चांगला तर ठीक, नाहीतर शेतकरी बोंबलत बसतो. म्हणून व्यापारी कोण, मागच्या हंगामात कोणाचे पैसे अडकले, हे लोक आधी गावात विचारतात. इथे सगळं उलटं आहे. पैसे आधी, माल नंतर, आणि विचारायला गावच नाही. म्हणून निदान काही तरी शेवटपर्यंत तुमच्या हातात ठेवा, म्हणजे मालकालाही तुम्ही पोचावं असं वाटेल.

व्हिडिओ कॉल करा. त्याला सांगा, ॲप उघडा, रिफ्रेश करा, मला बुकिंग दाखवा. स्क्रीनशॉट नको. स्क्रीनशॉट आमच्या शेजारचा दहावीतला पोरगाही बनवतो, आणि झकास बनवतो. पण उलट कोणी तुम्हाला सांगितलं की हे ॲप टाका आणि तुमची स्क्रीन मला दाखवा, तर फोन तिथेच ठेवा. यूपीआय करताना जे नाव झळकतं ते मेंबरच्या नावाशी जुळतंय का बघा. "मेहुण्याचं खातं आहे हो." मग मेहुण्यालाच मेंबर होऊ द्या. आणि पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे तर आता आमच्या आईलाही पाठ आहे. सरळ फसवणूक झाली, माणूसच खोटा निघाला, तर त्याच क्षणी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन. उद्या नाही. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत.

हंगामाचा रंगही विचारा. व्हाइटचा मेंबर तुम्हाला ३१ डिसेंबरला गोवा देतो म्हणाला, की माझ्या मनात पाल चुकचुकते. विचारायचं, कसं काय? त्याच्याकडे उत्तर असेल तर असू दे. वार्षिक फी भरलीय का हेही विचारा. फी थकली की बुकिंग अडकतं.

स्टॅम्प पेपरबद्दल चाळीस तरी कमेंट आहेत. आता शंभरचा विसरा, २०२४ पासून आपल्या राज्यात पाचशेचा लागतो. करा ना, नको कोण म्हणतंय. पण तो मालक पुण्यात, तुम्ही अमळनेरात, रक्कम अठ्ठावीस हजार. त्या कागदाची धमक कितपत, हे तुम्हीच ठरवा. मी व्हॉट्सॲपवर त्याच्याच शब्दांत लिहून घेतो: तारखा, खोली कोणती, किती माणसं, रद्द केलं तर कोणाचं किती जाणार, मोडतोड झाली तर कोण भरणार. जेवण धरलंय का हे वेगळं विचारा, बहुतेक वेळा नसतं. रिसॉर्टमधल्या एका थाळीच्या पैशात आपल्याकडे चार माणसं शेवभाजी खातील, ते मी गोव्याच्या व्हिडिओत रडून झालोय.

आता नावाचा किस्सा, हा माझाच. आमच्या मालकांनी, सज्जन गृहस्थ, निवृत्त माणूस, बुकिंगवर लिहिलं "एस. पाटील". झालं. त्या दिवशी त्या रिसॉर्टमध्ये तीन पाटील कुटुंबं उतरणार होती, त्यात दोन एस. पाटील. एक कोल्हापूरचे, आणि आम्ही खान्देशचे. त्यांना आमची समुद्रासमोरची खोली देऊन झालेली. माझ्या आधारवर पूर्ण नाव, बुकिंगवर एक अक्षर. तास दीड तास गेला. मालकांनी तिकडून फोन करून सोडवलं, कारण त्यांचाच शब्द चालतो, मी मघापासून काय सांगतोय! कोल्हापूरकर पाटलांनी मोठ्या मनाने खोली सोडली. संध्याकाळी त्यांना आम्ही घरून नेलेलं भरीत दिलं, कळण्याच्या भाकरीसकट. त्यांना तिखट लागलं. कोल्हापूरकरांना! हे मी दरवेळी सांगणार.

तर नाव आधारवर आहे तसंच्या तसं टाकायला सांगा.

शेवटची कमेंट घेतो, पंख्याखाली असूनही शर्ट ओला झालाय. चोपड्याच्या वहिनी विचारतात, "एवढं सगळं करण्यापेक्षा हॉटेल घेतलेलं काय वाईट?" वहिनी, काहीच वाईट नाही. दोन रात्रींसाठी मीही हॉटेलच घेतो. चार-पाच रात्री, दोन कुटुंबं, किचनवाली मोठी खोली हवी असेल, तेव्हाच हा खटाटोप परवडतो. तुमच्या यजमानांना आठवडाभर आधी फोन करायची आठवण राहणार नसेल, तर तोही परवडत नाही.

मालकाला पाठवायचा मेसेज मी खाली पिन करतोय, जसाच्या तसा उचला. फक्त त्यातलं "एस. पाटील" बदला, मंडळी. मागच्या वेळी तिघांनी तसंच पाठवलं होतं.