खोलीचं भाडं

(मिरज जंक्शन. पहाट. गाडीतून उतरणारी माणसं.)

या उतरणाऱ्या माणसांच्या हातांकडे बघा. एका हातात पिशवी, पाण्याची बाटली, आणि काखेत एक्स-रेचं मोठं पाकीट. बेळगावकडून, कोल्हापूरकडून, पंढरपूरकडून येणारे रूळ मिरजेत एकत्र येतात, आणि कितीतरी पिढ्या इथं उपचारांसाठी उतरत आल्या आहेत. १८९४ साली डॉ. विल्यम वान्लेस यांनी इथं मिशन हॉस्पिटल उभं केलं. १९६२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं. आता गल्लीगल्लीत दवाखान्याची पाटी दिसते.

माझी आईही याच गावात ॲडमिट होती.

(टेबलावर उघडलेली प्लॅस्टिकची फाईल. हॉस्पिटलचं बिल, अगदी जवळून.)

आई बाथरूममध्ये घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. रात्रीचे साडेदहा वाजले होते. स्ट्रेचर, सह्या, डिपॉझिट, आणि मग काउंटरवरून प्रश्न आला: जनरल, सेमी की स्पेशल? आमच्याकडे तीन लाखांची मेडिक्लेम होती. भाऊ लगेच म्हणाला, स्पेशल द्या. आई वेदनेनं कण्हत होती, तिला चार अनोळखी माणसांत कशाला ठेवायचं? त्याच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

पॉलिसीत खोलीभाड्याला मर्यादा होती. विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. स्पेशल रूमचं भाडं ६,०००. आई चार दिवस राहिली. आम्ही मनात हिशेब केला की वरचे तीन-तीन हजार आपल्या खिशातून, फार तर १२,००० जातील.

बिल झालं २ लाख रुपये. कंपनीनं मंजूर केले १ लाख.

का, ते डिस्चार्जच्या दिवशी मेडिक्लेम डेस्कवरच्या मुलीनं समजावलं. तिनं बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेननं लिहून दाखवलं, ते अजून आहे. ३,००० भागिले ६,०००. याला ते ‘प्रपोर्शनेट डिडक्शन’ म्हणतात. मर्यादेच्या दुप्पट भाड्याची खोली घेतली, तर सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, भूल, नर्सिंग, डॉक्टरांच्या फेऱ्या, हे सगळं त्या खोलीच्या दरानं चढं लागलं असं कंपनी धरते आणि त्यातलंही निम्मंच देते. पुष्कळ हॉस्पिटलांत हे खरंही असतं. सर्जन तेच, ऑपरेशन तेच, पण खोली बदलली की दर बदलतो.

रात्री घरी येऊन मी बिलाची एकेक ओळ तपासली. विमा क्षेत्राचं नियमन करणाऱ्या आयआरडीएआयनं २०२० मध्ये ठरवून दिलंय की औषधं, शरीरात बसवलेलं इम्प्लांट आणि तपासण्या यांच्यावर ही कपात लावता येत नाही. आयसीयूच्या भाड्यावरही नाही. आणि ज्या हॉस्पिटलात खोलीप्रमाणे बाकीचे दर बदलतच नाहीत, तिथं तर ही कपात लागूच होत नाही. आईच्या बिलात औषधं, रॉड-स्क्रू आणि तपासण्या मिळून ५६,००० रुपये होते. कंपनीनं तेही निम्मे केले होते. मी तक्रार विभागाला ईमेल केला, नियमाचा उल्लेख करून. तीन आठवड्यांनी २८,००० रुपये खात्यावर आले. ते आले नसते तर पुढची पायरी होती पुण्याचं विमा लोकपाल कार्यालय. कंपनीनं तक्रार फेटाळली किंवा महिनाभरात उत्तरच दिलं नाही, तर लोकपालाकडे जाता येतं. तिथं फी नाही, वकील लागत नाही.

शेवटचा हिशेब असा. खोलीचे १२,०००. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांचे ५६,००० पूर्ण. उरलेल्या १,२०,००० पैकी निम्मे, ६०,०००. मिळाले १,२८,०००. घरातून गेले ७२,०००.

आम्ही १२,००० धरले होते.

(मिरजेतला रस्ता. हॉस्पिटलच्या दर्शनी भिंतीवरचा फलक.)

ती पॉलिसी घेताना आम्ही एजंटला एकच प्रश्न विचारला होता: हप्ता किती? सगळ्यांत कमी हप्त्याची घेतली आणि निश्चिंत झालो. आता मला वाटतं, शोधाची सुरुवात या फलकापासून व्हायला हवी होती. महाराष्ट्रात २०२१ पासून नर्सिंग होमनी दरपत्रक दर्शनी जागी लावणं बंधनकारक आहे. आजारी पडल्यावर आपण कुठल्या दोन-तीन हॉस्पिटलांत जाणार, हे बहुतेक घरांना ठाऊक असतं. तिथं धडधाकट असताना जावं, फलकाचा फोटो काढावा, आणि मेडिक्लेम डेस्कवर विचारावं: इथं कॅशलेस, म्हणजे बिल परस्पर कंपनीनं भरणं, कुठल्या कंपन्यांचं चालतं? खोली बदलली की ऑपरेशनचे दर बदलतात का? हप्ता स्वस्त आहे का, ते या उत्तरांनंतरच कळतं.

आणि पैसे भरण्याआधी घरातलं कपाट उघडावं.

(केशरी रेशनकार्ड. पानांच्या कडा मऊ झालेल्या.)

हे आमचं रेशनकार्ड. आई पडली त्या रात्री ते कपाटात होतं आणि आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नाही. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत जीवनदायी नावानं सुरू झाली, तेव्हा कव्हर होतं दीड लाखाचं. १ जुलै २०२४ पासून ते कुटुंबाला वर्षाला ५ लाख आहे, आणि पांढऱ्या कार्डासह सगळ्या रेशनकार्डधारकांना आहे. हप्ता शून्य. अट अशी की हॉस्पिटल योजनेच्या यादीत हवं आणि उपचारही यादीत हवा. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेत. यादीतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो. दारातून आत गेल्यावर आधी त्याचं टेबल शोधावं. हेल्पलाइन १५५३८८.

घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल, तर त्यांच्यासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते सुरू झालं, त्याला उत्पन्नाची अट नाही. खासगी मेडिक्लेम असली तरी काढता येतं. आधार कार्ड आणि मोबाईल घेऊन बसलं की काम होतं.

आमच्या शेजारच्या वहिनींचा मुलगा कुपवाडच्या एमआयडीसीत आहे. त्याच्या पगारातून दरमहा ०.७५ टक्के ईएसआयसाठी, म्हणजे कर्मचारी राज्य विम्यासाठी, कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला हा विमा आहे आणि त्यात कुटुंब येतं, आश्रित आईवडीलही येतात. वहिनींना हे माहीत नव्हतं. त्या स्वतःसाठी मेडिक्लेम शोधत होत्या.

सरकारी योजना असली म्हणजे स्वतःची पॉलिसी नकोच, असं मात्र मी म्हणणार नाही. आईचं हॉस्पिटल योजनेच्या यादीत नव्हतं. मोडलेलं हाड घेऊन रात्री साडेदहाला कोण यादी बघत बसतं?

(लॅपटॉपवर उघडलेला प्रपोजल फॉर्म.)

म्हणून मी आईची पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करायचं ठरवलं. त्यासाठी रिन्यूअलच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करावा लागतो. नवी कंपनी नाही म्हणू शकते, तेव्हा जुनी बंद पडू द्यायची नाही. पोर्ट केल्यानं जुन्या पॉलिसीत काढलेली वर्षं वाया जात नाहीत, आणि आईसाठी हेच महत्त्वाचं होतं. नवीन पॉलिसीत आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. मोतीबिंदू, हर्निया, मुतखडा अशांसाठी बहुतेक पॉलिसीत दोन वर्षं. अपघाताला मात्र थांबावं लागत नाही.

फॉर्ममधला प्रश्न होता, मधुमेह आहे का. फोनवर एका एजंटनं मला सांगितलं, “ताई, शुगर लिहू नका. हप्ता वाढेल, कदाचित रिजेक्टच होईल. कुणाला कळतंय?”

या एका सल्ल्यानं किती घरं बसली असतील याची मला चीड येते. कळतं. डॉक्टर ॲडमिट करताना पहिलाच प्रश्न विचारतात, शुगर किती वर्षांपासून आहे, आणि पेशंट खरं सांगतो, कारण समोर डॉक्टर असतो. ते उत्तर केसपेपरवर जातं, आणि क्लेमबरोबर केसपेपर कंपनीकडे जातो. तिथं फॉर्मवर ‘नाही’ आणि इथं ‘नऊ वर्षांपासून’. क्लेम गेला, पॉलिसीही जाऊ शकते, आणि तोवर भरलेले हप्तेही. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनीला असा आक्षेप घेता येत नाही, पण त्या पाच वर्षांच्या भरवशावर कुणी आईला ठेवत नाही.

मी लिहिलं: मधुमेह, नऊ वर्षं, गोळ्या चालू. खुब्याचं ऑपरेशन. क्लेमची रक्कमही.

ज्यांना पहिल्यांदाच पॉलिसी घ्यायचीय त्यांनी आरोग्य संजीवनी बघावी. एप्रिल २०२० पासून आलेली ही प्रमाणित पॉलिसी आहे. कुठल्याही कंपनीकडून घ्या, अटी त्याच, म्हणून हप्त्याची तुलना खरी होते. पण तिच्यातही खोलीभाडं विमा रकमेच्या २ टक्के आणि कमाल ५,००० आहे, आणि प्रत्येक क्लेममधले ५ टक्के आपण भरायचे. मिरज-सांगलीच्या दरांना ती पुष्कळदा पुरेल. मुंबईत जाणाऱ्यानं तिथला फलक बघून ठरवावं.

मोठं कव्हर परवडत नसेल तर सुपर टॉप-अपचा विचार करावा. पाच लाखांची मूळ पॉलिसी आणि त्यावर दहा लाखांचा सुपर टॉप-अप. वर्षभरातली सगळी बिलं मिळून पाच लाखांच्या वर गेली की तो सुरू होतो, म्हणून त्याचा हप्ता कमी असतो. नुसता टॉप-अप वेगळा, तो प्रत्येक बिल सुटं धरतो. नावात एका शब्दाचाच फरक आहे, घेताना नीट बघावं. आणि आईवडिलांना आपल्या फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्या कुटुंबाच्या एकत्र पॉलिसीत, घालण्याआधी दोन्ही हप्ते काढून बघावेत, कारण फ्लोटरचा हप्ता साधारणपणे घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. आमच्या घरी वेगळी पॉलिसी स्वस्त पडली.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झालाय. जुनं कोटेशन घेऊन कुणी आलं तर त्यात तो धरलाय का, तेवढं तपासावं.

(घर. संध्याकाळ. आई वॉकर बाजूला ठेवून खुर्चीत बसलेली.)

नव्या कंपनीनं महिन्याभरानं होकार कळवला. पाच लाखांची पॉलिसी, खोलीभाड्याला मर्यादा नाही. जुन्या तीन लाखांपुरती वर्षं धरली गेली, वरच्या दोन लाखांना मुदत नव्यानं मोजली जाईल. मधुमेहासकट. हप्ता वर्षाला साडेपाच हजारांनी वाढला.

पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत पटली नाही तर परत करता येते. म्हणून आम्ही ती वाचायला बसलो. सुरुवातीला ग्राहक माहिती पत्रक असतं, त्यात काय मिळतं, काय नाही, कुठं कपात होते, हे सोप्या भाषेत दिलेलं असतं. मी मोठ्यानं वाचत होते, आई ऐकत होती. खोलीच्या ओळीवर तिनं मला थांबवलं.

“म्हणजे आता कुठलीही खोली घेतली तरी कापणार नाहीत?”

“नाही कापणार.”

तिनं फाईल मागून घेतली. त्यात फलकाचा फोटो ठेवला होता. चष्मा लावून तिनं जनरल, सेमी, स्पेशल असे तिन्ही दर वाचले, आणि सेमीवर बोट ठेवलं.

“ही घे. फक्त खिडकीकडचा पलंग माग.”