जांबोटीच्या वाटेवर रेंज कशी पळते?

बेळगावाहून जांबोटीला बसनं जाताना व्हिडिओ कॉल लावून बघा. समोरच्याचा चेहरा मध्येच थिजतो, आवाज तुटतो. आपण म्हणतो, टॉवर लांब आहे. असतोही, पण गोष्ट त्याहून बारीक आहे.

हे बघा, फोन मी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलाय. आता दोन-अडीच बोटं सरकवतो. एवढ्यानंसुद्धा सगळा हिशेब बदलतो. टॉवरची लहर एकटी येत नाही. भिंतीवर, पाण्याच्या टाकीवर, झाडांवर आपटून आलेल्या कैक लहरी फोनपाशी भेटतात. कुठं त्या एकमेकींना जोर देतात, कुठं खोडून टाकतात. 3.5 गिगाहर्ट्झवरच्या फाइव्ह-जीची तरंगलांबी, म्हणजे लहरीच्या दोन शिखरांमधलं अंतर, साडेआठ सेंटिमीटर. तिच्या निम्म्यानं, म्हणजे सव्वाचार सेंटिमीटर सरकलं, की चित्र पालटू शकतं. ताशी 60 किलोमीटरनं जाणारी बस तेवढं अंतर अडीच मिलिसेकंदांत कापते! रेंजच्या काड्या सरासरी दाखवतात, म्हणून ही धडधड आपल्याला दिसत नाही.

फोन टॉवरला सारखा कळवत असतो, मला इतपत ऐकू येतंय. 0 ते 15 मधला एक आकडा. त्यावरून डेटा किती दाटून पाठवायचा ते टॉवर ठरवतो. पण निरोप पोचून काम सुरू होईपर्यंत बस पुढं गेलेली असते. टॉवर शिळ्या बातमीवर चालतो. फार दाटलं तर वाया जातं, परत पाठवावं लागतं.

इथं न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा संगणकी प्रोग्राम, कामाला येतं. मागच्या काही क्षणांची मापं त्याला द्यायची आणि पुढच्या दोन-चार मिलिसेकंदांत रेंज कशी असेल त्याचा अंदाज मागायचा. खरं माप आलं की चूक मोजायची, आतली वजनं, म्हणजे ज्यांवरून ते हिशेब करतं ते आकडे, किंचित हलवायची. असं लाखो वेळा. होखराइटर आणि श्मिडहुबर या संशोधकांनी 1997 साली मांडलेलं एलएसटीएम नावाचं न्यूरल नेटवर्क यात बरंच वापरतात. मागचं काय धरायचं, काय सोडायचं, हे ते स्वतः शिकतं. कालमन फिल्टर ही गणितानं अंदाज बांधायची जुनी रीत, वेग एकसारखा असेल तर आजही चांगली चालते.

पण शहरातल्या सपाट रस्त्यावर शिकलेलं मॉडेल खानापूरच्या रानात चुकणार. ओली पानं लहरी जास्त गिळतात, म्हणजे मे महिन्यात ओळखीची झालेली वाट आषाढात परकी. वळणावर डोंगर आडवा आला, तर मागच्या मापांत त्याची चाहूलही नसते. म्हणून मापं इथलीच हवीत, भर पावसातली, पार चोर्ला घाटापर्यंतची. हे व्हायलाच हवं.

फोनमधल्या ॲपला सेकंदाला एखादंच माप मिळतं, त्यावर असं मॉडेल शिकणार नाही. पण रेंज कुठल्या वळणावर जाते ते कळतं. तुमच्या वाटेवरची वळणं खाली लिहा, पुढच्या व्हिडिओत नकाशावर मांडतो.