आत कोणाला घ्यायचं? वॉशिंग्टनच्या महिला रिपोर्टर

फ्रँकलिन रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष होऊन दोनच दिवस झाले होते. ६ मार्च १९३३. व्हाइट हाउसच्या रेड रूममध्ये पस्तीसेक बायका जमल्या, सगळ्या रिपोर्टर, खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून काहीजणी सरळ खालीच बसल्या. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट आल्या, हातात साखरेत मुरवलेल्या फळांचा डबा, तो सगळ्यांत फिरवला आणि प्रेस कॉन्फरन्स सुरू झाली. नियम एकच, पुरुष पत्रकारांना प्रवेश नाही.

ही आयडिया मूळची एपी या वृत्तसंस्थेच्या रिपोर्टर लोरेना हिकॉक यांची. मंदीचे दिवस होते, पेपरवाले माणसं कमी करत होते आणि कात्री पहिली बायकांवरच चालायची. पण व्हाइट हाउसमधली बातमी फक्त बाईलाच मिळणार असेल तर मालकाला निदान एक तरी बाई ठेवावीच लागते ना! बारा वर्षांत एलेनॉर यांनी अशा ३४८ प्रेस कॉन्फरन्स घेतल्या. किती जणींची नोकरी त्यामुळे टिकली असेल, विचार करा.

पण एक गोष्ट सांगायलाच हवी, त्या खोलीत ब्लॅक रिपोर्टर बायकांना जागा नव्हती. आणि म्हणून मला ॲलिस डनिगन यांच्याबद्दल जास्त बोलायचंय.

ॲलिस केंटकीच्या. वडील दुसऱ्याच्या जमिनीत वाट्यानं शेती करायचे, आई लोकांचे कपडे धुवायची. अनेक वर्षं शाळेत शिकवलं, मग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वॉशिंग्टनला टायपिस्ट म्हणून आल्या आणि पुढं असोसिएटेड निग्रो प्रेस या ब्लॅक पेपरांना बातम्या पुरवणाऱ्या वृत्तसंस्थेच्या रिपोर्टर झाल्या. संसदेच्या प्रेस गॅलरीचा पास मागितला तर त्यांचा स्वतःचा बॉसच म्हणाला की आम्हाला इतक्या वर्षांत पुरुषासाठी जमलं नाही, तुम्ही बाई असून तुम्हाला कसं जमणार? १९४७ मध्ये त्यांनी तो पास मिळवला, व्हाइट हाउसचाही मिळवला, असा मान मिळालेल्या त्या पहिल्या ब्लॅक महिला.

पगार इतका तुटपुंजा की शनिवारी घड्याळ गहाण टाकायचं, त्यात रविवारचं जेवण भागवायचं आणि सोमवारी पगार झाला की सोडवून आणायचं. १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या प्रचाराच्या रेल्वेनं जायचं होतं, ऑफिस खर्च देईना, तर यांनी स्वतःच्या पैशानं तिकीट काढलं. वायोमिंगमध्ये बाकीच्या पत्रकारांबरोबर चालताना एका लष्करी अधिकाऱ्यानं त्यांना मागं ढकलायचा प्रयत्न केला. पण त्याच प्रवासात मोंटानातल्या मिसूला स्टेशनवर रात्री उशिरा विद्यार्थी जमले, ट्रूमन झोपायच्या कपड्यांतच बाहेर आले आणि नागरी हक्कांवर बोलले. ॲलिसनी हेडिंग दिलं, पायजम्यातले राष्ट्राध्यक्ष मध्यरात्री नागरी हक्कांच्या बाजूनं उभे! स्वतःच्या खिशातून तिकीट काढून गेल्या म्हणूनच ही बातमी त्यांना मिळाली.

पुढं राष्ट्राध्यक्ष झालेल्या आयझेनहावर यांना त्या वंशभेदावर टोकदार प्रश्न विचारायला लागल्या, तर त्यांनी हळूहळू ॲलिसकडं बघणंच सोडलं, हात वर असायचा, नाव घेतलं जायचं नाही, हे असं काही वर्षं चाललं. १९६१ ला केनेडींनी राष्ट्राध्यक्ष झाल्याझाल्या ॲलिसचा प्रश्न घेतला.

आता नॅशनल प्रेस क्लब, वॉशिंग्टनमधला पत्रकारांचा क्लब. जगभरचे नेते तिथं जेवायला यायचे, भाषण करायचे, तीच दुसऱ्या दिवशीची बातमी. मेंबर फक्त पुरुष. १९५५ मध्ये बायकांना परवानगी मिळाली ती वरच्या बाल्कनीत उभं राहून ऐकायची. टीव्हीच्या कॅमेऱ्यांत दाटीवाटी, दिव्यांचा उकाडा, खाली पुरुष जेवतायत आणि वर बायका वहीत लिहितायत, जेवण नाही आणि प्रश्नही विचारायचा नाही. मला यातलं सगळ्यात जास्त खटकतं ते हे शेवटचं, कारण रिपोर्टरचा प्रश्नच काढून घेतला तर उरलं काय? १९५९ ला सोव्हिएत नेते ख्रुश्चेव आले तेव्हा मात्र काही बायकांना खाली टेबलावर बसू दिलं, तेही तेवढ्यापुरतंच.

१९६२ मध्ये व्हाइट हाउसच्या रिपोर्टर हेलन थॉमस यांनी केनेडींना सांगितलं की व्हाइट हाउस पत्रकारांच्या वार्षिक जेवणाला बायकांना बोलवत नसतील तर तुम्हीही जाऊ नका. केनेडींनी ते ऐकलं आणि ते दार उघडलं.

प्रेस क्लबचं दार उघडायला १९७१ चा जानेवारी उजाडला. मतदान झालं, २२७ बाजूनं, ५६ विरोधात. ॲलिस डनिगन तेव्हा ६४ वर्षांच्या होत्या, रिपोर्टिंग सोडून त्या केव्हाच सरकारी कामात गेल्या होत्या, नोकऱ्यांमधल्या भेदभावावर काम करणाऱ्या राष्ट्राध्यक्षांच्या समितीत.