विम्बल्डनच्या गवतावरची राव

[पडद्यावर: कापलेलं हिरवं गवत, त्यावर चुन्याची पांढरी रेघ]

१९३४ सालचा जून महिना सरत आलाय. लंडनच्या नैर्ऋत्येला विम्बल्डन नावाचं उपनगर आहे. तिथल्या गवतावर बावीस वर्षांची एक मुलगी उतरते. मुंबईची. समोर इंग्लंडची ग्लॅडिस साउथवेल. महिला एकेरीची पहिली फेरी.

सामना मुंबईची मुलगी जिंकते.

विम्बल्डनमध्ये एकेरीचा सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. तिचं नाव लीला राव.

हे नाव आपल्यापैकी फार थोड्यांच्या कानावरून गेलेलं असतं. त्याचं एक कारण अगदी साधं आहे. विम्बल्डनच्या जुन्या नोंदींमध्ये तिचं आडनाव इंग्रजी स्पेलिंगनं येतं, आर-ओ-डब्ल्यू. वाचणारा ते 'रो' असं वाचतो आणि पुढे जातो. ही कुणीतरी गोरी बाई असावी, असं वाटून नजर तिथे थांबतच नाही. ते 'रो' म्हणजे आपलं राव. हे एकदा कळलं, की त्या नोंदीतून एक अख्खं मराठी घर उभं राहतं.

लीलाची गोष्ट सांगायची तर त्या घरापासूनच सांगावी लागते. नुसता विम्बल्डनचा सामना सांगून थांबलं तर ती अर्धीच राहते.

[पडद्यावर: कोकणातली लाल मातीची वाट, जांभ्याचा गडगा]

सिंधुदुर्गात, जुन्या सावंतवाडी संस्थानाच्या मुलखात बांबुळी नावाचं गाव आहे. शंकर पांडुरंग पंडित इथले. एकोणिसाव्या शतकातले मोठे संस्कृत पंडित. कालिदासाची नाटकं त्यांनी संपादित केली, सायणभाष्यासह अथर्ववेदाचं काम हाती घेतलं, 'वेदार्थयत्न' हे मासिक चालवलं. तुकोबांच्या अभंगांची इंदुप्रकाश छापखान्यातून निघालेली गाथा, साडेचार हजारांहून अधिक अभंगांची, विष्णुशास्त्री पंडितांनी त्यांच्याच देखरेखीखाली तयार केली. ती गाथा अभ्यासक आजही प्रमाण धरतात.

पुढे शंकररावांकडे पोरबंदर संस्थानाचा कारभार आला. तिथे त्यांच्याकडे एक तरुण संन्यासी मुक्कामाला आला होता, स्वामी विवेकानंद. जगाशी बोलायचं तर फ्रेंच शिका, असं शंकररावांनी त्यांना सुचवलं. त्या काळातल्या वेदाच्या अभ्यासकानं संन्याशाला फ्रेंच शिकायला सांगावं, यावरून त्या घराच्या खिडक्या किती उघड्या होत्या ते समजतं.

शंकररावांची मुलगी क्षमा. जन्म ४ जुलै १८९०. वडील १८९४ मध्ये वारले तेव्हा तिला चौथं वर्षही पुरं झालं नव्हतं. वडील तिला कळते झाले ते त्यांच्या ग्रंथांतून आणि घरातल्या माणसांच्या बोलण्यातून. तिनं संस्कृत धरलं आणि ते कधी सोडलं नाही. पुढे मुंबईतले जंतुशास्त्रज्ञ डॉक्टर राघवेंद्र राव यांच्याशी तिचं लग्न झालं. १९ डिसेंबर १९११ रोजी मुलगी झाली. तीच लीला.

आता या क्षमाबाईंकडे नीट बघा. घरात डॉक्टरांचा संसार, टेबलावर संस्कृत पोथ्या आणि हातात टेनिसची रॅकेट. १९२०च्या दशकात, वयाची तिशी ओलांडल्यावर, त्या मुंबईत टेनिसच्या स्पर्धा खेळत होत्या आणि जिंकत होत्या. मुलीला आधी आईचाच खेळ बघायला मिळाला.

तो काळ कसा होता? बॉम्बे जिमखान्यात तेव्हा भारतीयांना सभासद होता येत नसे. भारतीयांनी आपापले वेगळे जिमखाने उभे केले होते. टेनिस हा साहेबाचा खेळ, आणि आपल्याकडे तो आला तोही संस्थानिक, वकील, डॉक्टर, सनदी अधिकारी यांच्या घरांत. हे कबूल करायलाच हवं की लीलाच्या वाट्याला आलेली सोय त्या काळच्या हजारो मुलींच्या स्वप्नातही नव्हती. पण सोय असलेल्या घरांतल्या मुलीही तेव्हा सहसा व्हरांड्यातच बसत. राव यांच्या घरात आईच मैदानात होती. मला यात लीलाच्या कर्तृत्वाचं अर्धं उत्तर दिसतं.

[पडद्यावर: जुनी लाकडी रॅकेट, तिच्यावर आवळलेली लाकडी चौकट]

ही रॅकेट जवळून बघू. तिची कड अख्खी लाकडी, पातळ पट्ट्या वाकवून एकमेकींवर चिकटवलेली. हातात घेतली की आजच्या रॅकेटपेक्षा चांगलीच जड लागते. जाळी जनावरांच्या आतड्यापासून काढलेल्या तातीची. या तातीला दमट हवा अजिबात मानवत नाही, आणि मुंबईत तर सगळा दमटपणाच. पावसाळ्यात ताती सैल पडायच्या, तुटायच्या. लाकूडही हवेनं वाकडं व्हायचं. म्हणून खेळ संपला की रॅकेट या चौकटीत घालून चारही कोपऱ्यांचे स्क्रू आवळून ठेवायची. दुसऱ्या दिवशी काढायची, जाळीवर बोट मारून आवाज ऐकायचा. टणक वाजली तर खेळायला घ्यायची, भद्द वाजली तर पुन्हा ताती भरायला द्यायची.

अशा रॅकेटनं चेंडूला पल्ला द्यायचा म्हणजे सगळं अंग वळवून फटका मारावा लागे. जाळीच्या मधला, फटका नीट बसतो तो 'गोड' भाग लहानसा. तो चुकला की मनगटापर्यंत झिणझिण्या. तेव्हा चेंडूही पांढरे होते. विम्बल्डनला पिवळा चेंडू आला तो थेट १९८६ साली.

[पडद्यावर: १९३० सालचं समुद्रकिनाऱ्यावरचं मीठ, कढई, माणसांची गर्दी]

१९३० साल उजाडलं. दांडी, मिठाचा सत्याग्रह, देशभर धरपकड. क्षमाबाई गांधीजींनी भारावून गेल्या. त्यांनी लेखणी उचलली आणि चाललेला लढा थेट संस्कृतात लिहायला घेतला. नाव 'सत्याग्रहगीता'. भगवद्गीतेसारखेच अठरा अध्याय. छंद अनुष्टुभ, आठ-आठ अक्षरांचे चार चरण, लहान मुलालाही पाठ होतील असे. अवघड वृत्तांचा थाट दाखवायचा मोह त्यांनी टाळला, कारण हे काव्य त्यांना लोकांच्या तोंडी हवं होतं. इंग्रजांचं राज्य असताना असलं पुस्तक इथे छापणं धोक्याचं. ते १९३२ मध्ये छापून आलं पॅरिसमध्ये.

आई गांधीजींच्या लढ्याचे श्लोक रचत होती त्याच सुमारास, १९३१ मध्ये, मुलगी अखिल भारतीय टेनिस स्पर्धेच्या एकेरीच्या अंतिम सामन्यात उभी होती. समोर लीना मॅकेना. लीलानं सामना सरळ सेटमध्ये घेतला आणि देशाची विजेती झाली. एकोणीस वर्षांची होती. त्यानंतर १९४०च्या दशकापर्यंत हे विजेतेपद तिनं पुन्हा पुन्हा जिंकलं.

या दोन गोष्टी मला वेगळ्या काढता येत नाहीत. एकाच घरात एक बाई साहेबाच्या सत्तेविरुद्ध लिहितेय आणि दुसरी साहेबाच्या खेळात साहेबाच्या लेकींना हरवतेय. त्या घरात यातलं काहीच जगावेगळं नसावं.

आणि आता परत १९३४च्या त्या गवताकडे.

लीला पहिल्यांदाच परदेशी मैदान बघत होती असं नाही. फ्रेंच स्पर्धेतही ती खेळली होती. भारतातून विम्बल्डनला जाणारीही ती पहिली नव्हती. बंगालची जेनी सँडिसन तिच्या आधी तिथे खेळून आली होती. जिंकायचं मात्र राहिलं होतं.

गवतावरचं टेनिस मातीच्या मैदानापेक्षा फार वेगळं. चेंडू टप्पा पडून फारसा वर येत नाही, घसरून पुढे येतो. गुडघे वाकवून, जमिनीशी जाऊन तो उचलावा लागतो. इंग्लिश मुली लहानपणापासून याच गवतावर वाढलेल्या. अशा मैदानात साउथवेलला हरवून लीला दुसऱ्या फेरीत गेली. तिथे गाठ पडली फ्रान्सच्या इदा अदामॉफशी. लीलानं तिला तीन सेटपर्यंत झुंजवलं आणि मग हरली. त्या वर्षी महिलांचं विजेतेपद इंग्लंडच्या डोरोथी राउंडनं नेलं, पुरुषांचं फ्रेड पेरीनं. इंग्लंडनं दोन्हीचा जल्लोष केला. दुसऱ्या फेरीत हरलेल्या मुंबईच्या मुलीकडे बघायला त्या गर्दीत कुणाला सवड असणार?

पुढच्या वर्षी ती पुन्हा गेली. या खेपेला पहिल्याच फेरीत एव्हलिन डिअरमननं तिला हरवलं.

एक विजय, दोन पराभव. आकडे पाहिले तर एवढंच. पण ७१ वर्षांनी, २००५ मध्ये, सानिया मिर्झानं विम्बल्डनची पहिली फेरी जिंकली तेव्हा सगळा देश दूरचित्रवाणीसमोर बसला होता. सानियाच्या मागे प्रशिक्षक होते, प्रायोजक होते, जागतिक क्रमवारी होती. लीलाच्या काळी महिलांच्या टेनिसला पैसाच नव्हता. खेळायचं ते हौशीनं आणि पदरमोड करून.

[पडद्यावर: हिमालयाची रांग, वळणाची पायवाट]

१९४०च्या दशकात लीलाचं लग्न झालं. पती हरीश्वर दयाळ, सनदी अधिकारी. पुढे सिक्कीममध्ये भारत सरकारचे राजकीय अधिकारी, मग नेपाळमध्ये भारताचे राजदूत. मुंबईची मुलगी हिमालयात गेली. १९६४ मध्ये दयाळ नेपाळमध्ये, पदावर असतानाच वारले.

रॅकेट खाली ठेवल्यावर लीलाबाईंनी काय केलं, हा भाग मला सर्वांत आवडतो. त्यांनी आईचं काम पुढे नेलं. भारतीय नृत्याचा त्यांनी अभ्यास केला, त्यावर 'नृत्तमंजरी' लिहिली. आणि त्या संस्कृत नाटकांकडे वळल्या.

क्षमाबाई आयुष्यभर लिहीत होत्या. वडिलांचं चरित्र त्यांनी श्लोकांत लिहिलं, 'शंकरजीवनाख्यानम्'. चौथं वर्ष सरायच्या आत गमावलेल्या वडिलांना त्यांनी असं शब्दांतून परत आणलं. त्यांनी कथा लिहिल्या त्या राजा-राणीच्या नव्हेत. बालविधवेच्या, खेड्यातल्या बाईच्या, आपल्या अवतीभवतीच्या. संस्कृत भाषा त्यांनी थेट घराच्या ओसरीवर आणून बसवली. २२ एप्रिल १९५४ रोजी त्या गेल्या.

लीलाबाईंनी आईच्या कथा घेतल्या आणि त्यांची नाटकं केली. 'बालविधवा', 'होलिकोत्सव', 'गणेशचतुर्थी'. कथेतल्या बायकांना त्यांनी बोलायला लावलं, रंगमंचावर उभं केलं, आणि तेही संस्कृतात.

[पडद्यावर: देहूची इंद्रायणी, पहाटेचं पाणी]

त्या नाटकांच्या यादीत एक नाव दिसतं आणि मी तिथे थांबते. आजोबांच्या देखरेखीखाली तुकोबांची गाथा छापली गेली होती. आईनं १९५० मध्ये तुकोबांचं चरित्र संस्कृत श्लोकांत लिहिलं, 'तुकारामचरितम्'. आणि विम्बल्डनला जिंकून आलेल्या नातीनं त्याच नावाचं नाटक लिहिलं.