रडणारं मूल आणि खलिफाचा हुकूम

मित्रहो, इस्लामी विचारातलं नेतृत्व आणि रॉबर्ट ग्रीनलीफ यांचं सेवक-नेतृत्व यांची तुलना आज मला करायची आहे. या विषयावर कोणी बोलायला उभं राहिलं की पहिल्या पाच मिनिटांत दुसरे खलिफा हजरत उमर यांच्या पाठीवर पिठाचं पोतं येतंच. मदिनेबाहेर, रात्रीच्या वेळी, एक बाई चुलीवर नुसतं पाणी ठेवून उपाशी मुलांची समजूत घालते आहे. उमर धान्यकोठारातून पीठ घेतात. सोबतचा अस्लम म्हणतो, मी उचलतो. त्यावर ते विचारतात, कयामतच्या दिवशी माझं ओझं तू उचलणार आहेस का? गोष्ट थोरच आहे. पण आपण ती पोत्यापाशीच थांबवतो, ही माझी जुनी तक्रार आहे. त्या बाईनं समोरच्या अनोळखी माणसाला जे ऐकवलं, ते गाळलं जातं. तुझे हाल उमरला कसे कळणार, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, आमचा कारभार हाती घेतो आणि आम्हालाच विसरतो? म्हणजे खलिफाची सेवा सुरू व्हायच्या आधी त्याला जाब विचारून झाला होता.

हा जाब निघून गेला की उरतं ते नम्रतेचं प्रदर्शन. व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणांत मी हे पाहत आलो आहे. एक दिवस साहेबांनी कर्मचाऱ्यांना जेवण वाढायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, फोटो काढायचे. ज्याची रजा साहेबांनी स्वतः अडवून धरली आहे, त्याच्या पानातही ते प्रेमानं वाढतात. (हशा) हसलात, म्हणजे तुमच्याही पानात कोणीतरी वाढून गेलं आहे! पण रजेचा नियम दुसऱ्या दिवशी होता तसाच राहतो, आणि मला त्या नियमाबद्दलच बोलायचं आहे.

म्हणून आज पोत्याची गोष्ट बाजूला ठेवून उमर यांचीच दुसरी सांगतो. जुने अरब चरित्रकार इब्न सअद यांनी ती नोंदवली आहे. मदिनेत व्यापाऱ्यांचा एक काफिला आला आणि मोकळ्या मैदानावर उतरला. बायकामुलं होती, माल होता. उमर पैगंबरांचे एक सोबती अब्दुर्रहमान बिन औफ यांना म्हणाले, चल, आज रात्री आपण दोघं यांची राखण करू. दोघं पहाऱ्यावर बसले, मध्येच नमाज पढत होते. एवढ्यात एका मुलाचं रडणं ऐकू आलं. उमर उठले, आईपाशी गेले, म्हणाले, अल्लाहचं भय बाळग, लेकराकडे नीट बघ. परत येऊन बसले. पुन्हा रडणं. पुन्हा गेले, तेच सांगून आले. रात्र सरत आली तरी मूल थांबेना, तेव्हा तिसऱ्यांदा जाऊन त्यांनी तिला चांगलंच फटकारलं : कसली आई आहेस तू, रात्रभर या पोराला चैन नाही!

बाई कंटाळली होती. कोणाशी बोलतो आहोत हे तिला ठाऊक नव्हतं. म्हणाली, रात्रभर तू मला भंडावून सोडलं आहेस. मी याचं दूध तोडते आहे आणि हा ऐकत नाही. उमर म्हणाले, दूध का तोडतेस? तिचं उत्तर : कारण उमर फक्त दूध सुटलेल्या मुलांनाच भत्ता देतो.

इथं थोडं थांबू या. राज्याच्या उत्पन्नातून लोकांना भत्ते देण्यासाठी उमर यांनी नोंदवह्या घातल्या होत्या, दिवाण म्हणतात तो हाच. त्या काळाच्या मानानं ही मोठी लोकोपयोगी व्यवस्था. नियम करताना त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. अंगावर पिणाऱ्या मुलाला वेगळं अन्न लागत नाही, एवढाच हिशेब असावा. पण त्या नियमापायी एक आई पोटच्या पोराचं दूध वेळेआधी तोडत होती, आणि नियम करणारा तिलाच वाईट आई म्हणून बोलून गेला होता. उमर यांनी मुलाचं वय विचारलं. काही महिन्यांचंच होतं. घाई करू नकोस, एवढं सांगून ते निघाले. पहाटेच्या नमाजात स्वतःच्याच रडण्यामुळे त्यांचं पठण लोकांना नीट ऐकू येईना. नमाज संपल्यावर म्हणाले, उमरनं मुसलमानांची किती मुलं मारली असतील! आणि लगेच दवंडी पिटवली : मुलांचं दूध घाईनं तोडू नका, जन्मलेल्या प्रत्येक मुलाला भत्ता मिळेल. हाच हुकूम प्रांतोप्रांती लिहून गेला. त्या रात्री त्यांनी पहारा दिला ही सेवा होतीच, पण सकाळचा हुकूम मला त्याहून मोठी सेवा वाटते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली आहेत. कबूल केलेली तुलना आता भराभर सांगतो.

रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी एटी अँड टी या अमेरिकन टेलिफोन कंपनीत जवळजवळ चार दशकं काढली, १९६४ मध्ये निवृत्त झाले आणि १९७० मध्ये सेवक-नेतृत्वावरचा निबंध लिहिला. त्यांच्या मते आधी सेवा करावीशी वाटते, मग माणूस जाणीवपूर्वक नेतृत्व पत्करतो. कसोटी अशी : ज्यांची सेवा केली ते अधिक शहाणे, अधिक स्वतंत्र झाले का, स्वतः सेवक व्हायला लागले का? आणि समाजातल्या सर्वांत वंचितांवर काय परिणाम झाला? हा शेवटचा प्रश्न प्रशिक्षणवाले सोडून देतात. त्या काफिल्यातल्या बाईशी ग्रीनलीफ यांचा धागा जुळतो तो नेमका इथं.

फरक सुरुवातीत आहे. ग्रीनलीफ यांचा पाया अंतःप्रेरणा. इस्लामी विचारात नेतृत्व ही अमानत, म्हणजे विश्वासानं सोपवलेली ठेव आहे. मनात सेवेची ऊर्मी असो वा नसो, हिशेब द्यावाच लागतो. ‘लोकांचा नेता त्यांचा सेवक’ हे वचन सगळे उद्धृत करतात, पण हदीसचे, म्हणजे पैगंबरांच्या वचनांचे, जाणकार त्याची सनद, म्हणजे ते सांगत आलेल्यांची साखळी, कमजोर मानतात. सगळी तुलना त्यावर उभी करू नये. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही प्रमाण हदीससंग्रहांत असलेली हदीस घ्या : तुमच्यातला प्रत्येक जण राखणदार आहे आणि आपल्या कळपाबद्दल प्रत्येकाला विचारलं जाईल. दुसरी हदीस सांगते की पद मागणाऱ्याला पद देऊ नये. अपवाद आहे : कुराणात हजरत यूसुफ स्वतःहून कोठारांची जबाबदारी मागतात. पण आपण राखू शकतो आणि आपल्याला जाण आहे, हे कारणही तिथंच सांगतात.

जाब फक्त परलोकात द्यायचा नाही. ६३२ मध्ये खलिफा झाल्यावर हजरत अबू बकर पहिल्याच भाषणात म्हणाले, मी तुमच्यात सर्वोत्तम नाही. बरोबर वागलो तर मदत करा, चुकलो तर सरळ करा. ग्रीनलीफ यांनाही एकट्या प्रमुखाच्या हाती सगळं सोपवणं धोक्याचं वाटत होतं. म्हणून १९७२ च्या निबंधात त्यांनी प्रमुखाला बरोबरीच्यांमधला पहिला मानलं आणि लक्ष ठेवायचं काम विश्वस्तांवर सोपवलं. पण विश्वस्त ही मंडळी वरचीच. काफिल्यातली बाई त्या बैठकीत बोलायला कुठून येणार, याचं उत्तर मला त्यांच्याकडे सापडत नाही. शूरेकडे, म्हणजे इस्लाममधल्या सल्लामसलतीच्या पद्धतीकडे, ते उत्तर पूर्ण आहे का, हा प्रश्न समोरून कोणीतरी विचारणारच आहे. तो प्रश्नोत्तरांत आधी घेऊ.