होड्या शाकारल्या, प्रवेश सुरू झाले

(दृश्य : आंजर्ल्याची खाडी. भुरभुर पाऊस. ओळीनं उभ्या होड्या.)

आंजर्ल्याची खाडी. जुलै महिना. हर्णै बंदरातल्या होड्या पावसाळ्यापुरत्या इथं आत येऊन थांबल्यात. ताडपत्री, झावळ्या, जुनं जाळं, जे हाताला लागलं त्यानं त्या शाकारल्यात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. हे ६१ दिवस मासळीच्या विणीचे. समुद्र खवळलेला, आणि कोळीवाड्यातले पुरुष घरी.

पुरुष घरी आहेत, एवढं लक्षात असू द्या. पुढं ते कामाला येणार आहे.

शाळांचं वर्ष जूनमध्येच सुरू झालं. एसटीत दप्तरं दिसायला लागली, चिखलानं भरलेल्या चपला वर्गाबाहेर लागल्या. दूरशिक्षणाचं वर्ष त्यानंतर उघडतं. ते उघडलं हे कळतं कसं? दापोलीत झेरॉक्सच्या दुकानासमोर बायकांची रांग दिसायला लागते, तेव्हा.

(दृश्य : दुकानाची पायरी. छत्र्या. प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद बाहेर येतात.)

ही पिशवी बघा. साडीच्या दुकानातली आहे, तोंडाला रबरबँड लावलंय. आत दुसरी पिशवी, तिच्या आत फाईल. फाईलमध्ये दहावीची गुणपत्रिका, बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, आधार कार्ड, दोन फोटो. बारावीच्या गुणपत्रिकेची घडी इतकी जुनी आहे की मधली ओळ पुसत आलीय. तिथंच नेमके इंग्रजीचे गुण आहेत. दुकानातला मुलगा कागद काचेवर ठेवताना घडी उलटी दाबतो, म्हणजे आकडा उठतो. त्याला सवय आहे.

पिशवी ज्यांची, त्या ताई पाजपंढरीच्या. हर्णैला लागूनच असलेली ही कोळ्यांची वस्ती. बारावी झाली आणि लग्न झालं. मुलगी आता आठवीत आहे. यंदा ताईंना बी.ए.ला नाव घालायचंय.

आता नाव घालायचं म्हणजे काय, हे सावकाश बघू. कारण आमच्या मते या गोष्टीतला खरा घाट इथं आहे.

(दृश्य : संगणकाचा पडदा, त्यावर झुकलेले दोन चेहरे.)

आधी डिजिलॉकर, म्हणजे कागदपत्रं मोबाइलवर ठेवायची सरकारी सोय. त्यातून अपार क्रमांक, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक, ज्याला कॉलेजातली मुलं एबीसी आयडी म्हणतात. तो हातात आला की विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावर जायचं आणि डेब आयडी, म्हणजे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा क्रमांक काढायचा. २०२४ पासून दूरशिक्षणाला नव्यानं येणाऱ्या विद्यार्थ्याला हा क्रमांक लागतो. बनावट प्रवेशांना आणि बोगस संस्थांना आळा बसावा, हा त्यामागचा हेतू, आणि हेतू चांगलाच आहे. हे सगळं झालं की मग विद्यापीठाचा अर्ज, मग अभ्यासकेंद्राची निवड, मग विषय, मग शुल्क.

पहिल्याच पायरीवर पडदा सांगतो, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे.

तो मोबाइल ताईंचा नाही. आधार काढलं तेव्हा घरात एकच फोन होता, नवऱ्याचा. क्रमांक त्याचाच लागला आणि तसाच राहिला. फोन आत्ता कुठं आहे? पाजपंढरीला, ओसरीवर, जाळं सांधायला बसलेल्या माणसाच्या खिशात. ताई त्याला फोन लावतात. तो आकडे वाचून दाखवतो. पहिल्यांदा एक आकडा चुकतो. दुसऱ्यांदा वेळ संपते. तिसऱ्यांदा जमतं.

म्हणून आम्ही म्हटलं, पुरुष घरी आहेत हे लक्षात ठेवा. ऑगस्ट लागला की हाच फोन खोल समुद्रात असतो. तिथं रेंज नाही. मग ओटीपी कोण वाचून दाखवणार?

मोबाइल क्रमांक बदलता येतो. त्यासाठी आधार केंद्रावर गेलं तर अंगठा द्यावा लागतो. मासळी सोलून, मीठ लावून बोटांच्या रेषा झिजलेल्या असल्या तर यंत्र तो अंगठा सहज घेत नाही. आधार केंद्रावर तेही बघायला मिळालं. एक मावशी पदराला बोट पुसतात आणि परत ठेवतात. परत पुसतात.

(दृश्य : मावशींचा हात. निवेदन थांबते.)

दुसरी अडचण नावाची.

गुणपत्रिकेवर माहेरचं नाव. आधारवर सासरचं. आपल्याकडे नुसतं आडनाव बदलत नाही, मधलं नावही बदलतं, आणि कितीतरी घरांत लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळात अंगठीनं पहिलं नावसुद्धा नवं लिहिलं जातं. म्हणजे तीनही शब्द वेगळे. पडद्यावरच्या अर्जाच्या लेखी या दोन वेगळ्या बायका आहेत. एक बारावी झालेली, दुसरी आधार असलेली.

त्या दोघी एकच आहेत, याचा पुरावा म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. खेड्यात ही नोंदणी ग्रामपंचायतीत होते. नोंदणी केली असेल तर दाखला मिळतो. लग्नाच्या वेळी केली नसेल तर आता करायची, त्यासाठी भटजी, साक्षीदार, लग्नपत्रिका, फोटो जमवायचे. काही वेळा राजपत्रात नावबदल छापून आणायला लागतो. त्याचे पैसे वेगळे, त्याला लागणारे दिवस वेगळे.

ताईंकडे दाखला आहे. पाणी लागून कडेला पिवळा पडलाय, पण शिक्का दिसतो. रांगेत त्यांच्या मागं उभ्या असलेल्या दोघींकडे तो नव्हता. त्या परत गेल्या.

(दृश्य : मुरुडचा रस्ता. दोन्ही बाजूंना पोफळी.)

हर्णैपासून जवळच मुरुड. रायगडातलं जंजिऱ्याचं मुरुड वेगळं, हे दापोलीचं. महर्षी धोंडो केशव कर्वे या गावचे. त्यांची एक हकीकत इथल्या शाळांत मुलांना आवर्जून सांगतात. दीडशे वर्षांपूर्वी सहावीच्या सार्वजनिक परीक्षेला बसायला त्यांना साताऱ्याला जायचं होतं. ऐन पावसात, सह्याद्री चढून, ते पायी गेले. शंभर मैलांच्या वरची वाट. आणि पोचल्यावर परीक्षा समितीनं त्यांना बसू दिलं नाही. का, तर मुलगा वयानं लहान दिसतो.

अभ्यास होता, तयारी होती, घाट चढायची जिद्द होती. अडलं ते दारातल्या पडताळणीपाशी. पुढं याच माणसानं १९१६ साली बायकांसाठी विद्यापीठ काढलं.

कोकणात शिकायचं म्हणजे गाव सोडायचं, हे तेव्हापासून चालत आलंय. मुंबई गाठायची, गिरणगावात कुणाच्या तरी खोलीवर वळकटी टाकायची, रात्रशाळेत जायचं. ज्यांना गाव सोडता येत नव्हतं, त्यांचं शिक्षण तिथंच थांबायचं. त्यात बायका जास्त.

(दृश्य : जुन्या पाठ्यपुस्तकांचं कपाट. पाठीवर विद्यापीठाचं बोधचिन्ह.)

१ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. ब्रीद घेतलं, ज्ञानगंगा घरोघरी. त्याच्या आधी, १९८५ साली, दिल्लीला इंदिरा गांधींच्या नावाचं राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ झालं होतं. मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण तर सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीपासूनचं. पण गावागावांत रुजलं ते नाशिकचं. मराठीतून पुस्तक, जवळच्या कॉलेजात अभ्यासकेंद्र, रविवारी संपर्कसत्र, म्हणजे समोरासमोर बसून वर्ग. कोकणात कुणालाही विचारा, घरातलं एक तरी माणूस ‘मुक्त’मधून शिकलेलं निघेल. एसटीचे वाहक, अंगणवाडी सेविका, पोस्टातले, पोलिसातले. पदवीचा कागद हातात आला आणि बढतीची वाट मोकळी झाली, असे कितीतरी.

या पदवीला काही कमी समजायचं कारण नाही. मान्यता असलेल्या विद्यापीठाची, मान्यता असलेल्या अभ्यासक्रमाची दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे विद्यापीठ अनुदान आयोगानं स्पष्ट केलेलं आहे. राज्यसेवेच्या परीक्षेलाही ती चालते. तरी लग्नाच्या बैठकीत आणि नोकरीच्या मुलाखतीत ‘बाहेरून केलंय का?’ असं विचारलं जातंच. विचारणाऱ्यानं एकदा हा अभ्यास करून बघावा.

(दृश्य : टेबलावर पुस्तकांचा गठ्ठा. सुतळी सुटते.)

ही पुस्तकं. जाड कागदाचं वेष्टन आहे, कोपरे दमट झालेत. ताई सुतळी कापत नाहीत. गाठ नखानं सोडवतात, सुतळी गुंडाळून ठेवतात. मग पहिलं पुस्तक उघडून नाकाशी नेतात.

दूरशिक्षणाचं पुस्तक नेहमीच्या पुस्तकासारखं नसतं. शिकवणारा समोर नाही, हे धरून ते लिहिलेलं असतं. धड्याच्या सुरुवातीला, हा घटक वाचल्यावर तुम्हाला काय करता येईल ते दिलेलं असतं. मध्ये मध्ये प्रश्न, उत्तरासाठी मोकळी जागा, शेवटी उत्तरं पडताळून बघायची सोय. ‘तुम्ही’ म्हणून थेट वाचणाऱ्याशी बोलणारी भाषा. हे लिहिणं एक कसब आहे. चांगल्या पुस्तकात समासालासुद्धा काम दिलेलं असतं.

आता वेळेचं गणित. एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. चार श्रेयांकांचा एक विषय, म्हणजे १२० तास. त्यातली संपर्कसत्रं थोडी, बाकी सगळं स्वतःचं स्वतः. रोज दोन तास मिळाले तर एका विषयाला ६० दिवस. कोकणातल्या घरात हे दोन तास कुठून येतात? आषाढात लावणी. श्रावणात सण. भाद्रपदात गणपती, मुंबईचे चाकरमानी घरी, पंचवीस माणसांचा स्वयंपाक. मग कापणी. बंदर सुरू झालं की संध्याकाळचा लिलाव, टोपलीभर मासळी घेऊन दुसऱ्या दिवशी पहाटे बाजार.

ताई म्हणतात, भात शिजायला लागतो तेवढा वेळ माझा.

(दृश्य : चुलीपाशी पुस्तक. पानावर खूण म्हणून एसटीचं तिकीट.)

हा अभ्यास आता मोबाइलवरही मिळतो. ई-पुस्तकं आहेत, व्हिडिओ आहेत, ती चांगलीही आहेत. पण ३ जून २०२० हा दिवस दापोली आणि मंडणगडच्या लोकांना विचारा. निसर्ग चक्रीवादळ आलं, माडपोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब वाकले, मोबाइल मुके झाले. किती गावं कित्येक दिवस अंधारात होती. त्या दिवसांत हातात राहिलं ते छापलेलं पुस्तक. म्हणून पुस्तकाचा गठ्ठा बंद करून नुसती लिंक पाठवू नका, असं इथला शिकणारा माणूस कळकळीनं सांगतो आणि आम्ही ते त्याच कळकळीनं पुढं पोचवतो.

(दृश्य : रविवार. कॉलेजचा वर्ग. फळ्यावर तारीख.)

ऑगस्टमधला रविवार. नारळी पौर्णिमा झाली, होड्या बाहेर पडल्या. दापोलीतल्या एका कॉलेजात पहिलं संपर्कसत्र आहे.

बाकं विशीतल्या मुलांच्या मापाची. बसलेत कोण? खाकी शर्टावर साधा स्वेटर चढवून आलेले एक वाहक, रात्रपाळी करून. कडेवर मूल घेतलेली एक वहिनी. मागच्या बाकावर पन्नाशीचे एक काका, चष्मा दोरीनं गळ्यात. लावणीचं शेवटचं खाचर उरकून आलेली एक मुलगी, घोट्यापाशी चिखल वाळलेला. आणि तिसऱ्या बाकावर पाजपंढरीच्या ताई, पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून.

शिकवणाऱ्यांना इथं समंत्रक म्हणतात. या समंत्रक बाई आठवडाभर नियमित वर्ग घेतात आणि रविवारी इथं येतात. त्या आज धडा सुरूच करत नाहीत. फळ्यावर गृहपाठ कसा लिहायचा ते मांडतात. उत्तर कुठून सुरू करायचं, पुस्तकातलं जसंच्या तसं का उतरवायचं नाही, समास किती सोडायचा. सत्रअखेरच्या परीक्षेला किमान ७० टक्के भार, उरलेला गृहपाठासारख्या अंतर्गत कामाला. बाई तीनदा सांगतात, गृहपाठ वेळेत द्या, ते गुण हातचे आहेत.

मग त्या विचारतात, शेवटचं पानभर मराठी कधी लिहिलं होतंत? वर्ग गप्प. काका हात वर करतात.

(दृश्य : काका बोलतात. त्यांचाच आवाज ठेवावा.)

आम्ही हे सत्र पूर्ण बघितलं आणि आमचं मत पक्कं झालं. दूरशिक्षणातला ‘दूर’ जितका कमी करता येईल तितका हा रविवार करतो. ज्याला एकट्यानं वाचायची सवय मोडली आहे, त्याला समोर बसून पहिलं पान लिहून घेणारं माणूस लागतं. विद्यार्थी कमी झाले म्हणून तालुक्याचं केंद्र बंद केलं, तर मंडणगडच्या किंवा गुहागरच्या माणसाला एका तासाच्या वर्गासाठी अख्खा दिवस आणि दोन्हीकडचं एसटीचं भाडं मोजावं लागेल. तो येणार नाही.

रांगेतून परत गेलेल्या त्या दोघी या वर्गात नाहीत. मुदत संपेपर्यंत त्यांच्या नावाचा दाखला झाला नाही.

(दृश्य : केंद्राबाहेरचा सूचनाफलक.)

दूरशिक्षणात प्रवेशाची दुसरी फेरी जानेवारी-फेब्रुवारीत असते. सगळ्या अभ्यासक्रमांना ती असेलच असं नाही, म्हणून केंद्रावर आधी विचारून घ्या. पण कागदाचं काम तेव्हावर टाकू नका. जानेवारीत होड्या समुद्रात असतील आणि फोन होडीवर. आधारला स्वतःचा मोबाइल क्रमांक आत्ता जोडून घ्या. विवाह नोंदणी नसेल तर ग्रामपंचायतीत आत्ता अर्ज द्या. गुणपत्रिका फाटली असेल तर दुसरी प्रत रत्नागिरीच्या कोकण विभागीय मंडळातून मिळते, पण हे मंडळ होण्याआधीची परीक्षा असेल तर ती ज्या मंडळाची, त्या मंडळाकडे विचारा. आणि केंद्राच्या टेबलामागं बसून जे हे अर्ज भरून घेतात, त्या सर-मॅडमना आमची विनंती आहे : कागद अपुरे म्हणून एखादीला परत पाठवण्याआधी तिचा फोन नंबर लिहून ठेवा आणि डिसेंबरात एकदा फोन करा.